दोनदा वाजलेले दोन

"दार लाव रे शिमोन. हीटर आत्ता कुठे गरम व्हायला लागलाय."

चेकमधल्या यिह्लावाच्या बस गॅरेजात रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पहाटे चारला निघणारी सहलीची बस धुऊन उभी होती. शिमोन आणि वीट, दोघंही पंचविशीचे ड्रायव्हर, कपातली कॉफी ढवळत बसले होते. ओटाकरकाकांनी तीस वर्षं बस चालवली होती. आता गुडघे गेल्यामुळे गॅरेजची रात्रपाळी सांभाळत होते.

वीट हसत म्हणाला, "आमचा गाइड दर थांब्यावर माणसं मोजतो, शाळेच्या बाईंसारखा. म्हटलं, सोड ना, येतात सगळे आपोआप."

काका हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला.

"येतात," ते म्हणाले. "कधीकधी जास्तच येतात. राडिम व्लासाकचं नाव ऐकलंय? नाही ऐकलं. तुम्ही नोकरीला लागायच्या आधी सोडून गेला तो. ऐका मग. त्याने स्वतः सांगितलंय मला, याच खुर्चीत बसून."

*

राडिम चांगला गाइड होता. वय बेचाळीस, इटालियन फर्डं, माणसं हसवण्यात पटाईत. दोन हजार बावीसच्या ऑक्टोबरात ऑफिसने त्याला एक छोटं काम सांगितलं. क्वेटा श्रामकोवा नावाच्या बाईंनी इटलीच्या सहलीचं दोघांचं बुकिंग केलेलं होतं. उन्हाळ्यात नवरा वारला. बाईंकडे ईमेल नाही, फोन उचलत नाहीत. तेव्हा घरी जाऊन कागदपत्रं देऊन ये, आणि दुसरी सीट सोडताहेत का ते विचार. वेटिंग लिस्ट लांब होती.

राडिम गेला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाई शहात्तर वर्षांच्या, शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलेलं. दार उघडलं ते पिठाच्या हातांनीच. त्याला बसवलं, प्लमचा केक कापला, दुसरा तुकडा नको म्हणाला तरी वाढला.

"सीट सोडताय का, असं ऑफिस विचारतंय," राडिम म्हणाला.

"नाही," बाई म्हणाल्या. "बोहुश चाळीस वर्षं म्हणत होता, समुद्र बघायचाय. दोघांचं काढलंय, दोघं जाणार. खिडकी त्याची."

राडिमला हसू आलं, पण बाईंनी ते गंमत म्हणून सांगितलेलं नव्हतं. निघताना त्यांनी उरलेला केक कागदात बांधून त्याच्या हातात दिला. "तू बारीक आहेस रे. गाइड लोकांना जेवायला वेळ मिळत नाही, मला माहितीये."

आवडल्या होत्या त्याला त्या. हे लक्षात ठेवा.

सहल निघाली. आपल्या सहली कशा असतात ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्या दोन तासांत डब्यातले मांसाचे श्निट्झेल बाहेर येतात, सगळ्या बसला तळणाचा वास. पंपावरच्या संडासाला पैसे पडतात म्हणून अर्धे लोक झाडामागे. हॉटेलात नाश्त्याचे पाव पर्समध्ये. आणि कुठेही पोचलं की पहिला प्रश्न, परत कधी निघायचं?

श्रामकोवाबाई अकराव्या रांगेत बसल्या. स्वतः आतल्या बाजूला, खिडकीची सीट रिकामी. त्यावर एक पुरुषाची टोपी. मागच्या रांगेतला व्होंद्रा पहिल्याच दिवशी उठला. निवृत्त शाळा तपासनीस, गळ्यात दुर्बीण, प्रत्येक गोष्टीवर मत.

"बाई, माझ्या बायकोचे पाय सुजलेत. ती जागा रिकामीच आहे ना?"

"रिकामी नाही," बाई शांतपणे म्हणाल्या.

बस हसली. राडिमही हसला.

बाईंची खोड एकच. प्रत्येक ठिकाणी उशीर. बाकीचे चर्च बघून, आइसक्रीम खाऊन, फोटो काढून परत यायचे आणि बाई कुठेतरी बाकावर बसलेल्या असायच्या. व्हेनिसमध्ये पावसात राडिम शोधायला गेला, तर त्या कालव्याकडे तोंड करून भिजत होत्या. टोपी मांडीवर.

"चला ना, सगळे थांबलेत!"

"आले रे. माझं बघून झालं. आता त्याला बघू देते थोडं."

म्हणजे काय, की त्यांना सगळीकडे दुप्पट वेळ लागायचा. एकदा स्वतःसाठी, एकदा त्याच्यासाठी.

पहिल्या दिवशी लोकांना वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी गंमत वाटली. चौथ्या दिवशी त्या बसमध्ये चढल्या की पुढून मागून सुस्कारे यायचे. व्होंद्रा घड्याळ वर करून दाखवायचा. "आज सतरा मिनिटं! प्रगती आहे!" आणि लोक राडिमकडे बघायचे. तू गाइड ना? तू काय करतोस? एका बाईने तर ऑफिसला फोन लावला, आमचा गाइड एका म्हातारीला आवरू शकत नाही. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. पुढच्या हंगामाच्या गाइडांची यादी डिसेंबरात लागते, असं ते सहज म्हणाले.

शेवटचा दिवस. शनिवार, एकोणतीस ऑक्टोबर. परतीचा रस्ता ऑस्ट्रियातल्या जुन्या घाटाने. वर माथ्यावर गाड्या थांबायला जागा आहे, एक कॅफे आहे, हंगाम संपल्यामुळे बंद. दुपारचे साडेचार. धुकं असं की कठडा दिसेना.

"दहा मिनिटं," राडिम माइकवर म्हणाला. "फक्त पाय मोकळे करायला. दहा म्हणजे दहा."

बाई टोपी घेऊन उतरल्या.

दहा झाली. पंधरा झाली. वीस झाली. ड्रायव्हर धरून बाकी त्रेचाळीस माणसं जागेवर, दार उघडं, गार वारा आत.

"काय दिसतंय त्यांच्या नवऱ्याला धुक्यात?" व्होंद्रा ओरडला. "की तो मागेच राहिला म्हणून शोधताहेत?"

सगळी बस खदखदून हसली. राडिमचे कान तापले. तो ड्रायव्हरला, लुबोशला म्हणाला, "चल. खाली तीन किलोमीटरवर पंप आहे. तिथे वळवू, पाच मिनिटं थांबू, परत येऊ. जरा घाबरू दे. एकदा घाबरल्या की कायमच्या सुधारतील."

"म्हातारी बाई आहे रे," लुबोश म्हणाला.

"जबाबदारी माझी. चल."

लुबोशने दार लावलं. बस हलली. आणि मागच्या रांगांमधून टाळ्या पडल्या. मी खोटं सांगत नाही पोरांनो, टाळ्या. सुट्टी मिळाल्यावर वर्गात पडतात तशा.

राडिमने आरशात बघितलं. धुक्यातून एक फिकट रेनकोट येत होता, हात वर केलेला. पळत होता. शहात्तर वर्षांची बाई जशी पळेल तशी.

"थांबू?" लुबोश म्हणाला.

राडिम म्हणाला, "एक वळण जाऊ दे."

खालचा पंप बंद होता. आवाराला साखळी. एवढी मोठी बस वळवायला जागा थेट दरीत, चौदा किलोमीटरवर. राडिमने बाईंना फोन लावला. फोन अकराव्या रांगेत वाजला, सीटवरच्या पिशवीत.

बस परत वर पोचली तेव्हा तास होऊन गेला होता. अंधार पडलेला. राडिम टॉर्च घेऊन हाका मारत फिरला. कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांना त्या सापडल्या. दुसऱ्या वळणाच्या भिंतीखाली. माथ्यावरून खालच्या रस्त्याला मिळणारी एक पायवाट आहे, वळण वाचवणारी. बस खाली थांबेल, आपण आडव्या वाटेने गाठू, असं वाटलं असणार त्यांना.

*

काका थांबले. शिमोनने कॉफीला हात लावला नव्हता.

"मग त्याला अटक...?" वीटने विचारलं.

"कसली अटक."

*

ठाण्यात अधिकाऱ्याने विचारलं, बाई मागे राहिल्या कशा? तेवढ्यात व्होंद्रा पुढे झाला. "त्या स्वतःच म्हणाल्या, मला इथेच राहायचंय, तुम्ही जा. मी ऐकलं." अधिकाऱ्याने बाकीच्यांकडे बघितलं. कोणीतरी मान हलवली. मग दुसऱ्याने. ती मान रांगेरांगेने मागे गेली. त्रेचाळीस सह्या झाल्या. सगळ्यांना रात्री घरी पोचायचं होतं. त्यातली एक लुबोशची; बस घरी आणल्यावर त्याने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही.

चव्वेचाळिसावी सही राडिमची.

बाईंची मुलगी इवोना पिशवी न्यायला इथे, गॅरेजात आली होती. तिने राडिमला एवढंच विचारलं, "आई असं म्हणाली? स्वतः?"

"हो."

"आई अंधाराला घाबरायची," ती म्हणाली. "घरात रात्रभर पॅसेजचा दिवा लागायचा." पिशवी घेऊन गेली.

डिसेंबरात यादी लागली. राडिमचं नाव होतं.

एक वर्ष गेलं. दोन हजार तेवीस, ऑक्टोबर. तीच सहल, तीच बस, फक्त ड्रायव्हर नवा, दालिबोर. एक्केचाळीस प्रवासी. जाताना मोठ्या बोगद्यातून गेले, घाटाचा प्रश्नच नव्हता. परतीला रात्रीचा प्रवास. शनिवार अठ्ठावीसची रात्र, रविवार एकोणतीस उजाडणार होता. ही रात्र तुम्हाला ठाऊक आहे. घड्याळं मागे घेतात ती. तीन वाजले की पुन्हा दोन. तोच तास दोनदा.

पाऊणच्या सुमारास रस्त्यावर पाटी लागली. बोगद्यात अपघात, वाहतूक जुन्या घाटाने.

"दुसरा रस्ता नाही?" राडिमने विचारलं.

"आहे की. दीडशे किलोमीटर फिरून," दालिबोर म्हणाला. "का? घाट लागतो का तुम्हाला?"

माथा आला तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. दालिबोरने बस कडेला घेतली.

"इथे नको," राडिम म्हणाला. "खाली घे."

"स्टिअरिंगवर साडेचार तास भरले माझे. पाऊण तास थांबायलाच लागणार. ड्रायव्हरच्या कार्डावर सगळं उमटतं, तुम्हाला माहितीये." त्याने इंजिन बंद केलं, दिवे मंद केले.

धुकं होतं. कॅफे बंद. चारपाच जण उतरले, सिगरेट ओढून, काकडत परत चढले. दार उघडझाप होत राहिलं. राडिम पुढच्या सीटवरून हलला नाही. बाहेर बघितलंही नाही.

तीनला पाच कमी असताना त्याने उठून मोजलं. मागपर्यंत गेला, परत आला. एक्केचाळीस. कागदावर लिहिलं. जीव जरा भांड्यात पडला.

"ते बघा," दालिबोर मोबाइल दाखवत म्हणाला. दोन एकोणसाठ. मग दोन. "झोपायला तास फुकट."

पाच मिनिटांनी त्याने इंजिन चालू केलं. "निघू?"

हो म्हणायला राडिमने तोंड उघडलं. पण त्याच्याच्याने "चल" म्हणवेना. वर्षभर तो निघताना तो शब्द टाळत आला होता, मान हलवायचा नुसती.

"एकदा मोजतो," तो म्हणाला.

"आत्ताच मोजलं ना?"

तो मोजत गेला. सगळे झोपलेले. डोकी, टोप्या, शाली.

बेचाळीस.

चुकलं असेल. पुढे येऊन पुन्हा सुरुवात केली. या वेळी प्रत्येक सीटच्या पाठीला हात लावत.

बेचाळीस.

"काय झालं?" दालिबोरने पुढून विचारलं.

"काही नाही. कोणी... बाहेरचं चढलं का?"

"या धुक्यात? कोण चढणार?"

तिसऱ्यांदा त्याने टॉर्च घेतली. हळूहळू. एकेक चेहरा. पाचवी रांग. आठवी. दहावी.

अकरावी. डावीकडच्या दोन्ही सीट या सहलीत रिकाम्याच होत्या. आत्ताही रिकाम्या होत्या. मग मोजताना आपण इथे आकडा कसा धरला?

"शू..."

रांगेच्या पलीकडच्या बाजूला एक मुलगी जागी होती. झ्लाता नावाची, नर्सिंगला शिकणारी. तिने बोट ओठांवर ठेवलं.

"टॉर्च नका मारू त्यांच्यावर," ती कुजबुजली. "आत्ताच बसल्यात. केवढा दम लागलाय."

राडिमच्या हातातली टॉर्च खाली गेली.

"कोण?"

"त्या आजी."

तिने दाखवलं. आतल्या बाजूची सीट. रिकामी.

"कुठे...?"

"म्हणजे काय कुठे?" मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. "तुमच्या पुढ्यात."

तेव्हा त्याला ऐकू आलं.

श्वास. खूप पळून आलेल्या माणसाचा. आत घेताना शिट्टीसारखा वाजणारा. अगदी त्याच्या कमरेच्या उंचीवर.

राडिम हलला नाही.

"काही... बोलल्या?"

मुलगी कचरली. मग आणखी हळू म्हणाली, "बोलल्या. म्हणाल्या, गाइडला सांगू नकोस... तो थांबत नाही."

श्वास थांबला.

कोणीतरी ऐकत असावं तसा.

"निघू का हो?" पुढून दालिबोर.

राडिमने हात पुढे केला. त्या सीटच्या हाताला. थंड. ओलं.

"बाई..." तो म्हणाला.

काहीच नाही.

"बाई, मी..."

काही नाही. नुसतं धुकं, काचेपलीकडे.

मग पुन्हा तो श्वास.

"पूर्ण आहेत का माणसं?" दालिबोर वैतागला होता. "निघू का नको?"

राडिम म्हणाला, "बेचाळीस... पूर्ण."

बस निघाली. तो जागेवर गेला नाही. अकराव्या रांगेशी उभा राहिला, वरची दांडी धरून. घाट उतरला. लिंझ गेलं. आपली हद्द लागली. लोक जागे होऊन संडासला जायचे, त्याच्या अंगाला अंग घासून, "बसा ना हो, का उभे?" म्हणायचे. तो उभा. एकाने त्या सीटवर बसायचं म्हणून पाय टाकला, तर राडिमने त्याला दंडाला धरून बाजूला केलं. "रिकामी नाही."

श्वास हळूहळू शांत होत गेला, असं तो म्हणाला मला. झोप लागल्यावर होतो तसा. उजाडताना ऐकू येईनासा झाला. त्याने खाली बघितलं नाही. शेवटपर्यंत नाही.

*

"मग?" शिमोनने विचारलं.

"मग काय. इथे आला, सगळं सांगितलं, आणि तसाच इवोनाच्या घरी गेला. दारातच खरं काय ते बोलला. टाळ्यांसकट. तिने ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, मला माहीत होतं. वर्षभर मी रोज वाट बघत होते, त्या चव्वेचाळीस जणांतलं एक तरी माणूस येईल. एवढा वेळ लागला तुम्हाला? आणि दार लावलं."

"पोलिसांत नाही गेला?"

"गेला ना. त्यांनी बाकीच्यांना पुन्हा बोलावलं. सगळे म्हणाले, बिचाऱ्याच्या मनावर परिणाम झालाय. त्या बाई स्वतःच राहिल्या, आम्ही ऐकलंय. लुबोशचा पत्ता लागला नाही. एकाच्या शब्दाविरुद्ध बेचाळीस. फाइल बंद. राडिम आता ब्रनोजवळ पार्सलच्या गोदामात असतो. माणसांचं काम नको म्हणतो. आणि व्होंद्राला तुम्ही ओळखता. गळ्यात दुर्बीण. उद्या वीटच्याच बसमध्ये आहे, चौथी रांग."

वीटने वर बघितलं. हीटरचा पंखा तेवढा फिरत होता.

"पण काका," शिमोन शेवटी म्हणाला, "ती नर्सिंगवाली मुलगी पेंगत असेल. तोही दमलेला. रात्रीचं माणसाला काहीही ऐकू येतं."

"असेल," काका म्हणाले. "मीही तेच म्हटलं त्याला. पाठीवर हात ठेवून घरी पाठवला आणि बस धुवायला घेतली. तीच, बाहेर उभी आहे ती."

दोघांनी खिडकीतून बाहेर बघितलं.

"अकराव्या रांगेच्या काचेवर हाताचा ठसा होता. पंजा. लहान. बाहेरून फडकं मारलं, गेला नाही. आतून मारलं, गेला नाही. स्पिरिट लावलं, ब्लेडने खरवडलं. मग काचवाल्याला बोलावलं. त्याने दिवा धरून बघितलं, नखाने वाजवलं. म्हणाला, काका, ही काच दुहेरी असते. दोन काचा, मधे हवा, कारखान्यातच कडेने बंद केलेल्या. हा ठसा आतही नाही न् बाहेरही नाही. मधे आहे."

काका उठले. किल्ल्यांचा जुडगा खिळ्यावरून काढला.

"बदलायला साहेब तयार नाहीत. दिसण्यापुरतं आहे म्हणतात, काच धड आहे. तर आहे अजून. जाऊन बघा हवं तर. टॉर्च घेऊन जा. पंजा नीट उमटलेला आहे, पण बोटं लांबलीत. मागच्या बाजूला ओढल्यासारखी. काच पुढे सरकत गेली, आणि हात काही सुटला नाही... तशी."